अंडी पांढरी पडतात? आधी विहिरीचे पाणी तपासा, मग रॅम मासे आणा

तुमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ किती वेळात शिजते, हे आज घरात विचारून बघा. कुकरच्या चार शिट्ट्या होऊनही डाळ टणक राहत असेल, अंगाच्या साबणाला फेस धरत नसेल, बंबाच्या आतून पांढरी खपली निघत असेल, तर त्या पाण्यावर ऊस येईल, कांदा येईल, पण रॅम नावाच्या दोन इंची माशाची अंडी त्यात फुटणे कठीण.

हा विषय काढायला कारण आहे. शेतीला जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांचे नाव गावोगाव घेतले जाते. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यात परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी ३ लाख रुपये प्रकल्पखर्च धरला होता आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले होते. आज कोणती योजना चालू आहे, तिचे निकष काय, ते तुमच्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे. पण योजना कोणतीही असो, शेड किती फुटांची, टाक्या किती, हवेचा पंप कोणता, याचीच चर्चा जास्त होते. पाणी कसले आहे, हा प्रश्न बहुधा अंडी पांढरी पडल्यावर विचारला जातो. तोवर जोड्यांचे पैसे गेलेले असतात आणि बचत गटातल्या बायाबापड्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत असतात.

गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे जिवंत पिल्ले देतात. त्यांना जड पाणी चालते, किंबहुना मानवते. म्हणून नवख्याचा पहिला हंगाम बरा जातो. मग भाव जास्त मिळतो म्हणून तो रॅमकडे वळतो, आणि तिथे गाडी अडते.

चिलापीचे बुटके भाऊबंद

रॅम, क्रिबेन्सिस, अ‍ॅपिस्टोग्रामा ही नावे परकी वाटली तरी हे कूळ आपल्याला अनोळखी नाही. उजनीची चिलापी कोणाला माहीत नाही? ती याच सिक्लिड कुळातली. कोकणात आणि गोव्यात खाडीच्या पाण्यातली काळुंदर तीही त्यातलीच. या कुळाचा गुण असा, की अंडी टाकून मासा निघून जात नाही. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते. रॅमची जोडी सपाट दगडावर अंडी घालून दोघे मिळून राखण करतात. अ‍ॅपिस्टोग्रामाची मादी कपारीच्या छताला अंडी चिकटवते, अंगाने पिवळीधमक होते आणि आपल्यापेक्षा दुप्पट मोठ्या नरालाही जवळ फिरकू देत नाही.

बुटके सिक्लिड म्हणजे या कुळातले साधारण चार इंचांच्या आत राहणारे मासे. ५० ते ६० लिटरच्या टाकीत एक जोडी सुखाने राहते. एका खोलीत दहा-बारा टाक्या बसतात. जागा थोडी, खाद्य थोडे, म्हणून घरच्या घरी करण्याजोगा धंदा. अडचण एकच, आणि ती पाण्याची.

मासा कुठला, पाणी कुठले

रॅम हा मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियामधल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. तिथली विस्तीर्ण गवताळ मैदाने पावसाळ्यात पाण्याखाली जातात. त्या उथळ, उबदार, मऊ पाण्यात हा मासा वाढला. १९४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. बाजारात त्याला 'जर्मन रॅम' म्हणतात ते वाढवणाऱ्यांच्या नावाने. जर्मनीच्या नदीत तो कधीच नव्हता. अ‍ॅपिस्टोग्रामाच्या बहुतेक जाती अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या. तिथल्या काही ओढ्यांचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. पानांचा अर्क उतरलेला असतो, क्षार जवळजवळ नसतात आणि सामू ५ किंवा त्याच्याही खाली असतो.

आता आपले बघा. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुरलेले पाणी चुना आणि मॅग्नेशियम घेऊन विहिरीत येते. काळ्या रानात चुनखडीचे खडे असतील तर विचारूच नका. अशा पाण्याचा सामू साडेसात ते साडेआठ आणि जडपणा लिटरला ३००-४०० मिलिग्रॅम निघाला तर नवल वाटायला नको. ठिबकच्या तोट्या ज्या पांढऱ्या क्षाराने तुंबतात, तोच हा क्षार.

माती परीक्षणाचा अहवाल तुम्ही वाचलेला असेल, तेव्हा सामू म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. रॅमच्या पैदाशीला सामू साडेपाच ते साडेसहा, जडपणा लिटरला ९० मिलिग्रॅमच्या आत आणि जमेल तितका कमी, पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस, असे धरून चालावे. मासेवाले जडपणा 'डिग्री'त सांगतात. एक डिग्री म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम, म्हणजे ९० मिलिग्रॅमच्या पाच डिग्री झाल्या.

इथे एक घोळ नेहमी होतो. नर-मादी जड पाण्यात जगतात, रंग धरतात, अंडीसुद्धा घालतात. म्हणून पाणी चांगले आहे असा समज होतो. जगण्याचे पाणी वेगळे आणि अंडी फुटण्याचे पाणी वेगळे. जड पाण्यात अंड्याचे कवच ताठर होते, नराचे बीज नीट काम करत नाही, असे अनुभवी लोक सांगतात. शिवाय आम्ल पाण्यात जिवाणूंची वाढ मंद असते. आपल्या पाण्यात ते जोमाने वाढतात आणि अंड्यावर बुरशीचा कापूस धरतो. भारतात पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेले रॅम थोडे सोसणारे झाले आहेत, हे खरे. पण सोसणारे म्हणजे किती? दोनशे अंड्यांतून वीस पिल्ले निघाली तर धंदा कसा व्हायचा?

लिंबू पिळून भागत नाही

सामू जास्त आहे म्हटल्यावर पहिला विचार आम्ल टाकण्याचा येतो. कोणी लिंबू पिळतो, कोणी चिंचेचे पाणी, कोणी ठिबक धुवायला आणलेले आम्ल. तासाभराने पट्टी बुडवली की सामू साडेसहा. गडी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आठ!

असे का होते ते नीट समजून घ्या, कारण निम्मे नुकसान इथेच होते. जड पाण्यात बायकार्बोनेटची शिल्लक असते. तुम्ही टाकलेले आम्ल ही शिल्लक खाते आणि त्यातून कर्बवायू निघतो. तो पाण्यात असेतोवर सामू खाली दिसतो. हवेच्या बुडबुड्यांबरोबर तो उडून गेला की उरलेली शिल्लक सामूला परत वर ओढते. पुन्हा आम्ल टाकाल, पुन्हा तेच. आणि एक दिवस शिल्लक संपते, तेव्हा तेवढ्याच आम्लाने सामू धाडकन चारवर येतो आणि टाकी सकाळी उलटी झालेली दिसते. रोज वरखाली होणारा सामू माशाला कायमच्या आठ सामूपेक्षाही वाईट. चुना जागच्या जागीच राहतो, हे तर वेगळेच.

बदामाच्या वाळलेल्या पानांचेही तसेच. शाळेच्या आवारात, देवळापुढे जे देशी बदामाचे मोठ्या पानांचे झाड असते, त्याची गळलेली, तपकिरी झालेली पाने पाण्यात टाकली की पाणी तांबूस होते, सामू थोडा उतरतो, माशांना आडोसा वाटतो. उपाय चांगला आहे आणि फुकट आहे. पण तो मऊ पाण्यात चालतो. ४०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्यात पोतेभर पाने टाकली तरी रंग तेवढा बदलेल.

नळीला चुंबक बसवून पाणी मऊ करून देणारेही फिरतात. चुंबकाने क्षार बाहेर निघत नाहीत. मिठाच्या पुनर्भरणावर चालणारे सॉफ्टनर यंत्र चुना काढते खरे, पण त्याच्या जागी सोडियम सोडते. साबणाला फेस येईल, एकूण क्षार आणि बायकार्बोनेट जिथल्या तिथे. या दोन्हींवर पैसे घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. क्षार काढायचे दोनच मार्ग परवडणारे: एक आर.ओ., दुसरा पाऊस.

पागोळीखालची कमाई

पावसाच्या पाण्यात चुना नसतो. ओरिनोकोचे पाणी आपल्याकडे दर मृगात फुकट पडते आणि गटारात जाते, असे म्हटले तरी चालेल. ते धरून ठेवणे हाच या धंद्याचा पाया.

हिशेब करून बघू. सहा टाक्या, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे ३०० लिटर. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे ६० लिटर. पाऊस ऑक्टोबरात थांबला आणि पुढचा जूनच्या मध्यावर आला असे धरले तर सुमारे ३६ आठवडे, म्हणजे दोन हजारांवर लिटर. पिल्लांच्या टाक्यांना तेवढेच धरा. साडेचार-पाच हजार लिटर साठा हवा. आता छप्पर बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० चौरस मीटरच्या पडवीवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तरी दहा हजार लिटर होतात. पहिल्या पावसाचे सोडून दिले, वाया गेले ते वजा केले, तरी सात-आठ हजार हाती लागतात. म्हणजे दुष्काळी पट्ट्यातसुद्धा अडचण पावसाची कमी, साठवणीच्या टाक्यांची जास्त.

पण छप्पर कसले, हे फार महत्त्वाचे. जस्ताच्या पत्र्यावरून आलेल्या पाण्यात जस्त उतरते. जड पाण्यात माशाला त्याचा त्रास कमी होतो, पण आपल्याला हवे तशा मऊ पाण्यात तेच जस्त विष ठरते. रंग दिलेला पत्रा त्या मानाने बरा. सिमेंटच्या पत्र्यावरून आणि नव्या स्लॅबवरून येणारे पाणी चुना घेऊन येते. मंगलोरी कौले सगळ्यांत उत्तम. तीही नसतील तर शेततळ्याला अंथरतात तो प्लास्टिकचा कागद चार मेढींवर उताराने ताणा, खाली पिंप ठेवा. चार जोरदार सरींत पिंपे भरतात.

पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यावेत. धूळ, पाखरांची विष्ठा, पाने धुऊन जातात. शेजारच्या रानात कपाशीवर, सोयाबीनवर फवारणी चालू असेल तर त्या आठवड्याचे पाणी धरू नये. कीटकनाशकाचा अंश माणसाला जाणवणार नाही, पण पिल्ले मरतील. पाणी सुती कापडातून गाळून झाकणाच्या प्लास्टिक टाकीत, उजेड न लागेल असे ठेवावे. सिमेंटच्या हौदात मात्र साठवू नका. हौद पाण्याला चुना देतो. मऊ पाणी जितके शुद्ध, तितके ते चुना ओढून घेते. जूनमध्ये भरलेले गोडे पाणी दिवाळीपर्यंत पुन्हा विहिरीच्या वळणावर गेलेले दिसेल.

आणि हे पाणी निव्वळ वापरायचे नाही. शिल्लक अजिबात नसलेल्या पाण्यात सामू केव्हा कोसळेल याचा भरवसा नसतो. थोडे विहिरीचे मिसळायचेच. तुमच्या विहिरीचा जडपणा ४०० असेल तर एक भाग विहिरीचे आणि सात भाग पावसाचे, म्हणजे जडपणा ५० वर येतो. जडपणा २०० असेल तर एकास तीन. पाणी आधी पिंपात मिसळून, एक रात्र हवा देऊन, टाकीतल्या पाण्याइतके कोमट करून मगच घालावे. अशा मिसळलेल्या पाण्यात बदामाची दोन-चार पाने टाकली की सामू साडेसहाच्या आसपास आपोआप येतो, आणि टिकतो.

नळाचे आणि जारचे पाणी

ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी टीसीएल पावडरीची आठवण ठेवावी. क्लोरीन माशाचे कल्ले जाळते. पाणी उघड्या पिंपात, हवा चालू ठेवून, एक दिवस-रात्र ठेवले की क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर मासेवाल्यांकडे हायपोचे खडे मिळतात. ज्या दिवशी टाकीत पावडर पडली त्या दिवशी पाणी भरूच नये. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी ओळख ठेवलेली बरी!

अनेक गावांत आता आर.ओ. संयंत्र बसले आहे. जारच्या पाण्यातले एकूण क्षार बरेच कमी असतात, पण ते गावागणिक आणि गाळणी किती जुनी त्यावर बदलतात. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. आधी बुडवून बघा. १०० च्या खाली असेल तर उपयोगाचे. मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात चुना किती आणि मीठ किती हे सांगत नाही, एवढे ध्यानात असू द्या. जार विकत घेऊन दहा टाक्या चालवणे मात्र महागात पडते. अडीअडचणीला जार आणि रोजच्याला पाऊस, अशी वाटणी करावी.

पाणी बघून मासा

प्रत्येक रानात द्राक्ष लावत नाही, तसेच हेही. रॅमच पाहिजे असा हट्ट कशाला?

रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या जांभ्या दगडाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना खरे तर देणगी आहे. जांभ्यातले पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते. खाडीकाठ सोडला तर तिथली विहीर बहुतेक वेळा जशीच्या तशी चालते, पाऊस उदंड, आणि थंडी बेताची. रॅम वाढवायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही.

मध्यम पाणी, म्हणजे जडपणा १५०-२०० आणि सामू सातच्या वर-खाली असेल, तर क्रिबेन्सिस घ्यावा. हा पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया-कॅमेरूनकडचा, मादीचे पोट जांभळट लाल, मडक्याच्या फुटक्या तुकड्याखाली अंडी घालतो. नवख्याने सुरुवात याच्यापासून करावी. अ‍ॅपिस्टोग्रामातही काकाटू नावाची पेरूकडची जात साधारण उदासीन पाण्यात पिल्ले देते. अगासिझी मात्र मऊच पाणी मागतो.

आणि पाणी जड ते जडच, सामू सव्वाआठ, पाऊस धरायला जागा नाही, अशांचे काय? त्यांनी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकडे बघावे. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू ९ च्या आसपास असतो. तिथे मल्टिफॅसिएटस नावाचा दीड-दोन इंची सिक्लिड गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो, शंखातच अंडी घालतो, आणि पिल्लांची अख्खी वस्ती करतो. आपल्या विहिरीचे पाणी त्याला माहेरचे वाटेल. भातखाचरात मोठ्या गोगलगाईचे रिकामे शंख सापडतात, ते उकळून, घासून वापरता येतात. एकच सांगणे, याला गिऱ्हाईक मोजके. आधी शहरातल्या दुकानदाराशी बोला, मग आणा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी नुसते जड नाही, खारे आहे. तिथे बुटक्या सिक्लिडसाठी पावसाच्या पाण्याखेरीज मार्ग नाही. ते जमणार नसेल तर मॉली वाढवावी.

ऊब, थंडी आणि नर-मादीचा हिशेब

रॅमला २६ अंशांखाली पाणी गेले की तो मरगळतो आणि रोग धरतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, जळगाव, विदर्भाकडे घरातली टाकीसुद्धा विशीवर येते. हीटर लागतोच, आणि वीज गेली तर काय याची सोय आधी करून ठेवावी. टाकीला तीन बाजूंनी थर्माकोल लावला, वर काचेचे झाकण ठेवले, तर चार-सहा तास पाणी तग धरते.

पिल्लांच्या बाबतीत उबेचा आणखी एक खेळ आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९९६ साली जर्मनीतल्या रोमर आणि बायझेनहर्ट्झ या संशोधकांनी अ‍ॅपिस्टोग्रामाच्या तिसाहून अधिक जाती तपासून दाखवले, की पिल्लू नर होणार की मादी हे बऱ्याच अंशी पहिल्या काही आठवड्यांतल्या तापमानावर ठरते. पाणी २९-३० अंश असेल तर नरांचा भरणा, २३ च्या आसपास असेल तर माद्यांचा. क्रिबेन्सिसमध्ये सामूचा परिणाम दिसतो: आम्ल पाण्यात नर जास्त, सातच्या वर माद्या जास्त. नर रंगीत म्हणून भाव नराला, हे खरे. पण दुकानदार जोडी मागतो आणि पुढच्या वर्षीचे बियाणे तुम्हालाच लागते. अ‍ॅपिस्टोग्रामाची पिल्ले २६ अंशांवर वाढवली की विभागणी बरी राहते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली सगळी पिल्ले नर निघाली, तर बियाण्याला दोष देऊ नका.

अंडी पांढरी पडली तर

रॅमची मादी एका वेळी दीड-दोनशे अंडी घालते. चांगले अंडे पारदर्शक, फिकट पिवळसर राहते. अडीच-तीन दिवसांत फुटते, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात.

चोवीस तासांत सगळीच्या सगळी पांढरी झाली, तर अंडी फळलेलीच नाहीत. मग पाणी जड आहे किंवा नरात दम नाही. एक इंच अंगाची पण भडक रंगाची पिल्ले कोणी विकत असेल तर जपून. रंग चढवायला औषध पाजलेले नर पुढे कामाचे राहत नाहीत. निम्मी पांढरी, निम्मी चांगली, असे असेल तर पाणी सुधारत आहे, आणखी मऊ करा. अंडी फुटली पण पिल्ले तळालाच मेली, तर साचलेली घाण किंवा नायट्रेट बघा. पहिल्या दोन-तीन वेळी कोवळी जोडी आपलीच अंडी खाते. तिथे पाण्याला बोल लावू नये, जोडीला वेळ द्यावा.

अंडी घालत नसतील तर वलगणीचे मासे आठवा. पहिल्या पावसाचे नवे पाणी आले की आपल्या ओढ्यातले मासे अंडी घालायला वर चढतात. टाकीतही तेच करायचे. दोन-चार दिवस पाणी न बदलता ठेवून मग पाचव्या हिश्श्याऐवजी तिसरा हिस्सा बदलायचा, पावसाचे मऊ पाणी, टाकीपेक्षा दोन अंश थंड. बहुतेक जोड्या आठवड्याच्या आत दगड साफ करायला लागतात.

मऊ, आम्ल पाण्याची एक गैरसोय सांगितली पाहिजे. गाळणीतले उपयुक्त जिवाणू सामू सहाच्या खाली सुस्तावतात, त्यामुळे घाण लवकर जिरत नाही. सुदैवाने आम्ल पाण्यात अमोनियाही सौम्य रूपात राहतो. पण अशा टाकीत एकदम जड पाणी ओतले, तर सामू चढतो, तोच अमोनिया विषारी होतो आणि तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडतात. म्हणून पाणी थोडे, नेमाने, एकसारखे बदलायचे. आणि खाद्य चिमटीने घालायचे, मुठीने नाही.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

तुमच्याकडे अशा युनिटचा अर्ज आला तर पाणी तपासणीचा कागद मागा. फक्त 'पिण्यायोग्य' एवढा शेरा असलेला कागद पुरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. एकूण क्षार ५०० आणि तसेच २००० पर्यंत. नायट्रेट ४५ पर्यंत. म्हणजे माणसाला पिण्यायोग्य ठरलेले पाणी रॅमच्या अंड्याला सात-आठ पट जड असू शकते. उसाला, कांद्याला युरिया पडतो त्या रानातल्या विहिरीत नायट्रेट ४० निघाले तर शेरा 'योग्य' असाच येईल, पिल्ले मात्र खंगतील. त्यांना २० च्या आत हवे.

तपासणीसाठी लांब जावे लागते असेही नाही. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यावर गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. त्या पेटीत सामू, जडपणा, विम्लता, नायट्रेट, शिल्लक क्लोरीन, सगळे बघता येते. ज्या गटाला मासे करायचे आहेत त्यातल्याच एखादीला ते येत असेल, तर दर पंधरा दिवसांनी विहिरीचा आकडा वहीत लिहायला सांगा. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की जडपणा वाढतो, आणि मार्चमध्ये जमलेले मिश्रण मेमध्ये जमत नाही ते यामुळेच.

आणखी एक. उरलेले, आजारी किंवा न खपलेले मासे कोणी ओढ्यात, पाझर तलावात सोडणार नाही हे बघा. चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. आज ती कुठल्या तलावात नाही ते शोधावे लागते, आणि कोळी बांधवांना विचारा की जाळ्यात देशी मासा किती येतो. टाकीतून काढलेले पाणी मात्र खुशाल परसातल्या कढीपत्त्याला, कुंडीतल्या मिरचीला घाला. त्यात खत आहे आणि मीठ नाही.